किंमत करारातच लिहून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर दोन पत्रं लागोपाठ आली. पहिल्यात म्हटलं होतं की सरकारी कॉलेजातल्या प्रोफेसर-डॉक्टरांनी स्टार्टअप काढायचे आणि पेशंटच्या जिवावर कमवायचं हा धंदा बंद करा, संशोधन हे सेवेसाठी असतं वगैरे. दुसरं त्याला उत्तर, की मार्केटला मोकळं सोडा, स्पर्धा झाली की औषधं आपोआप स्वस्त होतात. माझं सगळं करिअर फार्मा कंपनीत गेलं, तळोजा एमआयडीसीत, क्वालिटी डिपार्टमेंटला, त्यामुळे दोन्ही पत्रं वाचून चिडचिड झाली. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त आकडे ठेवा.

आधी पहिल्या पत्राबद्दल. लॅबमध्ये सापडलेली गोष्ट आणि केमिस्टच्या दुकानातली बाटली यांच्यामध्ये केवढं काम असतं याची बाहेरच्या माणसाला कल्पनाच नसते. घरी चार माणसांची बिर्याणी चांगली होते म्हणून हजार पानांची पंगत उठवता येत नाही, तसंच आहे हे. प्रयोगशाळेत दहा ग्रॅम बनवलेलं औषध दोनशे किलोच्या बॅचमध्ये वेगळंच वागतं, तळाशी बसतं, रंग बदलतं, सहा महिन्यांत अर्धं उडून जातं. मग ४० डिग्री आणि ७५ टक्के दमटपणात सहा महिने ठेवून स्टॅबिलिटी बघा, एकापाठोपाठ तीन बॅच सारख्याच येतात का ते सिद्ध करा, प्रत्येक बॅचचा कागद न् कागद इन्स्पेक्टरसमोर ठेवा. हे काम प्रोफेसर करणार नाही आणि त्याने करूही नये, त्याला त्याची ट्रेनिंगही नाही आणि हौसही नाही. याला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि ते कंपनीकडे असतात. म्हणून कंपनी नकोच म्हणणाऱ्यांनी एकदा खारघरला जाऊन यावं.

खारघरच का, तर तिथे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरला, म्हणजे ज्याला डॉक्टर लोक एएलएल म्हणतात त्याला, ६-मर्कॅप्टोप्युरिन नावाचं औषध रोज द्यावं लागतं आणि ते जवळजवळ दोन वर्षं चालतं. औषध जुनंच, काही नवीन नाही. पण आपल्याकडे गोळी मिळायची ती ५० मिलिग्रॅमची, मोठ्या माणसाच्या हिशोबाची. आता दहा किलोच्या पोराला ती कशी देणार? आया गोळी मोडायच्या, कुटायच्या, पाण्यात नाहीतर साखरेत कालवायच्या, कधी डोस जास्त जायचा कधी कमी, आणि कॅन्सरच्या औषधाची भुकटी घरभर उडणं हेही चांगलं नाहीच. कमी गेला तर आजार उलटण्याची भीती, जास्त गेला तर पांढऱ्या पेशी खाली. डॉक्टरांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. उपाय पण सोपा दिसतो, पातळ औषध करा आणि सिरिंजने मोजून द्या. पण ते बनवणार कोण? शेवटी टाटाच्या डॉक्टरांनी बेंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्स या कंपनीला बरोबर घेतलं आणि प्रीवॉल नावाचं सस्पेन्शन तयार करून केंद्राच्या औषध नियंत्रकाची परवानगी घेऊन बाजारात आणलं. आता पहिल्या पत्रलेखकाने सांगावं, यात पेशंटच्या जिवावर उठल्यासारखं काय झालं? कंपनी नसती तर ते संशोधन एखाद्या जर्नलात छान छापून आलं असतं आणि आया गोळ्या कुटत बसल्या असत्या.

असंच चित्रा व्हॉल्व्हचं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली, आधीची तीन मॉडेलं फेल गेली, चौथं चाललं, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या पेशंटला बसवलं. पण देशभरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ती पोचली कारण चेन्नईच्या टीटीके ग्रुपने तिची फॅक्टरी काढली.

तर कंपनी हवी. इथपर्यंत मी दुसऱ्या पत्रलेखकाच्या बाजूने. पण मार्केटला मोकळं सोडा म्हणजे नक्की काय? ज्याचं पेटंट एकाकडे, लायसन्स एकाकडे आणि फॅक्टरी एकाकडे, तिथे स्पर्धा करणार कोणाशी? माझं म्हणणं एवढंच आहे की संशोधन सरकारच्या पैशाने झालं असेल तर ते कंपनीला देतानाच किंमत आणि पुरवठा त्या करारात लिहून घ्यायचा. नंतर नाही. औषध चालेल की नाही हे कोणालाच माहीत नसतं तेव्हा कंपनीपण ऐकते. एकदा ट्रायल पास झाली की मग कोण कशाला ऐकतंय.

हे पुस्तकी वाटेल म्हणून आपल्या पुण्याचंच उदाहरण देतो, हडपसरच्या सीरमचं. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक पट्टा आहे, तिथे मेंदूज्वराची साथ येते, मेनिंजायटिस ए. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. लस बनवायचं ज्ञान जगात होतं, मोठ्या कंपन्यांकडे होतं, पण गिऱ्हाईक गरीब म्हणून कोणी हात घालेना. मग २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक प्रोजेक्ट काढला, गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले. आता बघा त्यांनी पहिलं काम काय केलं. आफ्रिकेतल्या आरोग्य खात्याच्या लोकांना विचारलं की तुम्हाला किती परवडेल? त्यांनी सांगितलं पन्नास सेंटच्या आत, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. त्याच्या वर गेलं तर आम्ही घेणारच नाही. मग त्या आकड्यावरून उलटं मोजत आले, कच्चा माल कुठून, तंत्र कोणाचं, बनवणार कोण. तंत्र दिलं अमेरिकेच्या एफडीएच्या लॅबने, म्हणजे सरकारी संशोधनच, मेनिंजायटिसचा घटक बनवायची पद्धत आली अॅमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून, आणि त्या घटकाला जोडायचं टिटॅनस टॉक्सॉइड सीरमकडे आधीपासून ढिगाने होतं. सीरमने ती किंमत कबूल करून काम घेतलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लस टोचायला सुरुवात झाली, पुढे तीस कोटींच्या वर लोकांना दिली गेली आणि त्या पट्ट्यात ए प्रकारची साथ जवळपास संपलीच. आणि सीरमचं काय नुकसान झालं? काही नाही. पाच प्रकारांवर चालणारी पुढची लसपण त्यांनीच काढली आणि २०२४ मध्ये नायजेरियात तीच सुरू झाली. धंदापण झाला, नावपण झालं.

आता एक कंपनी घेऊ, हैदराबादची भारत बायोटेक, कारण तिच्याकडे दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची रोटावॅक लस. तिचा विषाणू सापडला दिल्लीच्या एम्समध्ये, १९८५-८६ ला, नवजात बाळांच्या वॉर्डात. बाळांना लागण झालेली पण जुलाब नाहीत, हे डॉ. महाराज किशन भान यांच्या लक्षात आलं. म्हणजे विषाणू सरकारी, पुढे संशोधनाला केंद्राचा पैसा, परदेशी मदत, आणि शेवटची मोठी ट्रायल ६,७९९ बाळांवर दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याच्या केईएमच्या वढू केंद्रात झाली. कंपनीने डोस एक डॉलरला द्यायचा शब्द ट्रायल पूर्ण व्हायच्या आधीच दिलेला होता. परदेशी लस तेव्हा खाजगी दवाखान्यात हजाराच्या घरात किंवा वरच, ही साठ-पासष्ट रुपयांत. २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली, आता फुकट मिळते.

आणि त्याच कंपनीची कोव्हॅक्सिन. तिचा विषाणू कुठला? पुण्याच्या एनआयव्हीचा, म्हणजे सरकारी विषाणू संस्थेचा. तिसऱ्या ट्रायलसाठी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाने सुमारे ३५ कोटी खर्च केले. करारातलं जे बाहेर आलं ते हे, की आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी आणि देशाला पुरवठ्यात प्राधान्य. आणि दर? एप्रिल २०२१ मध्ये, लोक ऑक्सिजनसाठी धावत असताना, जाहीर झालं की राज्यांना ६०० रुपये डोस, खाजगी हॉस्पिटलला १२००, केंद्राला मात्र १५०. ओरड झाल्यावर पाच दिवसांत राज्यांचा दर ४०० वर आला. पाच दिवसांत दोनशे रुपये कमी होतात म्हणजे सहाशेला आधार काय होता, हे कोणी विचारायचं? (सीरमनेही कोव्हिशील्डचे असेच तीन दर लावले होते, फक्त कोव्हिशील्डचं संशोधन ऑक्सफर्डचं होतं, आपल्या सरकारी लॅबचं नव्हतं.) मान्य आहे, कोव्हॅक्सिन घाईत झाली, जिवंत विषाणू वाढवायला बीएसएल-३ ची, म्हणजे विषाणू बाहेर पडू नये अशा कडक बंदोबस्ताची फॅक्टरी लागते, ती महाग असते, रोटावॅकशी थेट तुलना बरोबर नाही. पण रॉयल्टी मागायची आठवण राहिली तर दर लिहून घ्यायची का राहू नये? रॉयल्टीने उलट सरकारलाच महाग लसीत भागीदार केलं ना.

आता सगळ्यात ताजं आणि सगळ्यात अवघड. नेक्सकार-१९ हा कॅन्सरवरचा उपचार. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांनी सुरू केलेलं काम, खारघर-परळच्या टाटाच्या डॉक्टरांबरोबर, केंद्राच्या बायोटेक खात्याचा पैसा, आणि आयआयटीतच वाढलेली इम्युनोअॅक्ट कंपनी. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांच्यात कॅन्सरची पेशी ओळखणारं जीन घालायचं, वाढवायच्या आणि परत सलाइनमधून द्यायच्या. प्रत्येक पेशंटची बॅच वेगळी! आम्ही एका बॅचमध्ये लाखो गोळ्या काढायचो आणि त्याच्यावर सह्या करून दमायचो, इथे एक माणूस म्हणजे एक बॅच, सगळ्या टेस्ट प्रत्येक वेळी नव्याने, आणि पेशंट तिकडे बेडवर वाट बघतोय. क्वालिटीवाल्याला यातली मेहनत कळते. ऑक्टोबर २०२३ ला मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत कार्यक्रम झाला. अमेरिकेत अशाच उपचाराची २०१७ मध्ये किंमत लावली होती ४,७५,००० डॉलर, म्हणजे आजचे चार कोटी. आपल्याकडे तीस ते चाळीस लाखांच्या आसपास. दहापटीने स्वस्त, सगळ्या पेपरांनी हेडलाइन केली, तुम्हीपण.

अभिमान मलाही आहे. पण हिशोब करू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर. तीस लाखांतले पाच गेले तरी राहिले पंचवीस. जळगावच्या शेतकऱ्याने किंवा पनवेलच्या रिक्षावाल्याने ते कुठून आणायचे? मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्टचे दरवाजे, सोशल मीडियावर मुलाचा फोटो टाकून पैसे गोळा करणं. न्यू यॉर्कपेक्षा दहापट स्वस्त ही तुलना न्यू यॉर्कच्या माणसाच्या कामाची आहे. कंपनीला दोष देत नाही मी, त्यांनी फॅक्टरी उभारली, हैदराबादच्या लॉरस लॅब्ससारख्यांनी पैसे घातले ते परत हवेतच. माझा प्रश्न सरकारला आहे. तंत्रज्ञान कॅम्पसबाहेर जाताना असं का नाही ठरवायचं की इतके पेशंट झाले की दर इतक्यावर येईल, आणि दरवर्षी इतके पेशंट सरकारी हॉस्पिटलमधून आलेले, खर्च अधिक थोडा नफा या दराने करायचे? कंपनीलाही खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं, रिकामी पडलेली क्लीनरूम, म्हणजे औषध बनवायची निर्जंतुक खोली, भरते, आणि अशा कामात खरा खर्च रिकाम्या क्लीनरूमचाच असतो, ती चालू असो वा बंद, एसी आणि माणसं सुरूच असतात.

आणि गंमत म्हणजे आपला कायदा उलट दिशेला आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कलम ३२ आहे, त्यात म्हटलंय की भारतात पेटंट घेतलेल्या नव्या औषधाला पाच वर्षं किंमत नियंत्रण लागू नाही. स्वतःच्या पैशाने संशोधन करणाऱ्या कंपनीला ही सवलत ठीक आहे, मीच कंपनीत होतो, जोखीम काय असते माहीत आहे. पण पायाचं संशोधन सरकारी पैशाने झालेलं असेल तरी तीच सवलत? तिथे फरक करायला नको? नंतर किंमत खाली खेचणं किती अवघड असतं हेही पाहिलंय आपण. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट ऑफिसातून नेक्साव्हार या कॅन्सरच्या गोळीवर सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसताना दुसऱ्या कंपनीला ती बनवायची परवानगी, दिलं गेलं, महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० वर आला. टाळ्या वाजल्या. पण भारतात तसं दिलेलं ते एकमेव, त्यानंतर एकही नाही. मागून भांडून किंमत उतरवायचा मार्ग हा असा, आयुष्यात एकदा.

एक गोष्ट मात्र दोन्ही पत्रलेखकांच्या डोक्यातच आलेली दिसत नाही. काही संशोधन असं असतं की त्यात विकण्यासारखं काहीच नसतं. टाटाच्या डॉ. बडवे यांनी ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचा प्रयोग केला, आपण दाताला घेतो तेच भूल देणारं औषध, खर्च शंभर रुपयांच्या आत. जवळपास १६०० बायकांवर अभ्यास झाला, पाच वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर गेलं. हेच जर नव्या महाग औषधाने झालं असतं तर कंपनीने गावोगावच्या सर्जनला फाइव्ह स्टारमध्ये बोलावून सांगितलं असतं. लिग्नोकेनसाठी कोण एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधं सांगत फिरणारा कंपनीचा माणूस, पाठवणार? तसंच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. कोकणात लाल विंचू चावला की माणसं, जास्त करून पोरं, हृदय बंद पडून जायची. त्यांनी ब्लड प्रेशरची जुनी स्वस्त गोळी प्राझोसिन वापरून शंभरात चाळीस मरायचे ते प्रमाण एकावर आणलं, लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलने छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण गोळी पेटंटबाहेरची, तिचा प्रचार करण्यात कोणाला काय मिळणार. बावस्करांनी स्वतः हिंडून, लेख लिहून, डॉक्टरांना सांगत ती पसरवली. म्हणजे जिथे नफा नाही तिथे मार्केट येतच नाही, आणि तिथे आरोग्य खात्याने एमआरचं काम करायला पाहिजे, गाइडलाइन काढा, प्राथमिक आरोग्य केंद्रांना साठा द्या, ट्रेनिंग द्या. रॉयल्टीचे पैसे सरकारने यावर खर्च केले तर माझी रॉयल्टीबद्दलची कटकट पण संपेल.

आणि राज्याच्या हातात काहीच नाही असं समजू नका. परळला हाफकिन आहे. १८९७ मध्ये हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस जेजेच्या आवारात ग्रँट मेडिकलमध्ये बनवली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली, १८९९ ला परळमध्ये प्रयोगशाळा सुरू झाली. संशोधन आणि उत्पादन एकाच छताखाली, सरकारी. १९७५ ला दोन भाग केले, संशोधन वेगळं आणि औषधं बनवणारं महामंडळ वेगळं. विंचवाच्या विषावर उतारा म्हणून द्यायचं इंजेक्शन ते बनवतात, आणि प्राझोसिनच्या जोडीला ते दिलं तर पेशंट लवकर बरा होतो हे बावस्करांनीच २०११ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे कोकणातल्या डॉक्टरचं संशोधन आणि मुंबईतलं सरकारी उत्पादन, यात खाजगी कंपनी कुठेच नाही. असा दुसरा दरवाजा राज्याकडे धडधाकट असेल तरच खाजगी कंपनीशी करार करताना सरकारला ताठ बसता येतं, नाहीतर आम्ही नाही तर कोण बनवणार हे त्यांनाही माहीत असतं.

सरकारी पैशाच्या संशोधनाचं पेटंट आणि लायसन्स यावर २००८ मध्ये राज्यसभेत एक विधेयक आलं होतं, अमेरिकेच्या १९८० च्या कायद्यावर बेतलेलं. त्यात किंमतीबद्दल काही धड नव्हतं, टीका झाली, पुढे ते मागेच घेतलं. आता आयआयटी, आयसर, मेडिकल कॉलेजं सगळीकडे नव्या कंपन्या वाढवणारी इन्क्युबेशन सेंटर झालीत आणि प्रत्येक जण आपापल्या परीने करार करतोय. ते करार लोकांना बघायला मिळत नाहीत. माहिती अधिकारात मागा, कलम ८ मधली व्यापारी गोपनीयता पुढे करतात. पण त्याच कलमात लिहिलंय की मोठं जनहित असेल तर माहिती द्यावी. औषधाचा दर हे जनहित नाही तर मग काय.

म्हणून तुमच्या आरोग्य आणि शिक्षणाच्या बातमीदारांना एक विनंती. दर महिन्याला कुठल्यातरी संस्थेचा आणि कंपनीचा करार झाल्याचा फोटो तुमच्या पानावर असतो, फाइल धरून उभे राहिलेले सात-आठ लोक. पुढच्या वेळी तिथे गेलात की एवढंच विचारा: यात सरकारचे किती पैसे आहेत, दराबद्दल काय लिहिलंय, आणि कंपनीने तीन वर्षांत बनवलंच नाही तर लायसन्स परत घेता येतं का. उत्तर दिलं नाही तर उत्तर दिलं नाही असं छापा, फोटोखालीच.

आपला,
एक निवृत्त फार्मा केमिस्ट
पनवेल